बुढी जहाजावर कंटाळली का?

अरे, पोरीनं आमाले फिरवाले जहाजावर नेलतं. चार दिवस नुसतं पाणीच, जमीन दिसेच नाई. पोरगी रडकुंडीले आली. "बाबा, आई कंटाळली वाटते. सकाळपासून कठड्यापाशी उभी हाय. मीनं उगाच आणलं का तुमाले?"

मी बुढीजवळ गेलो. चिडवलं, "काऊन वं, आपल्याकडचं बोर धरणच हाय हे. आता हिंगणी येते, माहेरी उतरून जाजो."

बुढी हसली नाई. म्हणे, "चूप राहा जी. धरणाचं पाणी वावराले पाळीनं भेटे. आपली पाळी सरली का दुसऱ्याले जाये. इथं पाहा, कोणाचीच पाळी नाई, अन् पाणी सरतच नाई!"

मीबी पाणी पाहातच राह्यलो.

पोरगी म्हणे, "आई, उद्या जमीन येते."

बुढी म्हणे, "उद्याच? त्या डायवरले म्हण, लांबच्या फेऱ्याच्या रस्त्यानं ने."