मंजूषाचा टॅक्स पार्टनर

...आणि त्या टॅक्सच्या फॉर्ममध्ये पोसलेला भाऊ दाखवायला जागाच नाही हो! तुम्हाला सांगते, आमची मंजूषा हॉलंडमधल्या आल्मेरेच्या घरात तासभर तो फॉर्म वरखाली करत बसली. म्हणजे बघा, घटस्फोट झालेला, पदरात आठ वर्षांची संहिता, त्यात धाकटा भाऊ शैलेंद्र पुण्याची नोकरी सोडून बत्तिसाव्या वर्षी मास्टर्स करायला हिच्याकडे आलेला. फी ही भरणार, सायकल ही घेऊन देणार, चार पोळ्यांवर पाचवी तो मागणार, मग हा हिच्यावर अवलंबून नाही तर कोणावर? पण तसा रकानाच नाही. रकाना कसला, तर पार्टनरचा. हिने लिहिलं, नाही. फॉर्म म्हणाला, आहे.

लावला फोन. पलीकडचा माणूस ताकासारखा थंड. "मॅडम, एकाच पत्त्यावर राहता? घरात तुमचं लहान मूल आहे? मग तो तुमचा टॅक्स पार्टनर."

"अहो, भाऊ आहे तो."

"हो, भाऊ चालतो."

"आणि मी त्याला पोसते, त्याचं काय?"

"त्याचं काही नाही. दिवस छान जावो."

पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर आईने आधी देवघराचं दार लोटलं, मग हळूच म्हणाली, "अगं, पण भाऊ आहे ना तो?" आणि इकडे शैलेंद्र सोफ्यावरून, "ताई, पार्टनर म्हणून विचारतोय, आज पनीर करायचं का?"

हे सगळं संहिता ऐकत होती. तिने शाळेत डचमध्ये सांगून टाकलं, आईचा पार्टनर म्हणजे मामा. आता डच लोकांत मामा म्हणजे कोण? आई! बाई इतक्या हरखल्या की फाटकापाशी मंजूषाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "किती छान, संहिताला दोन आया आहेत."

"अहो, भाऊ आहे तो..."

बाई आणखीच हळव्या झाल्या. "तुम्ही त्यांना काहीही म्हणा, घरात प्रेम आहे ना?"

मे महिन्यात मातृदिन आला. वर्गात संहिताकडून दोन कार्डं करून घेतलेली. त्यात इथे त्या दिवशी आईला अंथरुणातच नाश्ता द्यायची पद्धत, आणि आठ वर्षांच्या पोरीला गॅस कसा लावू द्यायचा? तेव्हा रविवारी सकाळी मंजूषाच उठली, दोन बशा पोहे केले, पहिली बशी पोरीच्या हाती शैलेंद्रच्या खोलीत पाठवली, आणि दुसरी येईपर्यंत मुकाट्याने पांघरूण ओढून पडून राहिली.