ताईच्या हातावर वाळ्याचा अर्क

ताई : ...आणि म्हणे त्वचा मऊ राखतं! हे बघ मऊ. लालभडक झालंय कोपराशी.

भावजय : बघू ताई. हात उजेडात धरा.

ताई : उजेड कशाला हवाय? अंधारातही दिसेल. मी आधीच म्हणाले होते, गवताची मुळं उकळून माणसांना फासू नयेत.

भावजय : उकळलेली नाहीत हो. वाळ्याचा अर्क आहे तो, आणि चाचणीला लावलेल्या माझ्या क्रीममध्ये थेंबभरच घातलाय.

ताई : थेंबभराने हे! वाटीभर घातला असतास तर मी उरले असते का?

भावजय : दुकानदाराला फोन करते. उद्या डब्या न्यायला येणार होते, त्यांना नको म्हणून सांगते.

भाऊ : अगं, थांब जरा.

भावजय : कशासाठी थांबू? नोकरी सोडून हे एवढंच तर जमवलं. वाळा काढला तर डबीत उरतं काय? पांढरं मेण. आणि ठेवला तर लोकांचे हात असे होणार.

ताई : तसं मी काही बंद कर म्हणत नाहीये...

भाऊ : फासू नये म्हणून आत्ताच तर सांगितलंस.

ताई : तू गप रे! तिचा चेहरा बघ आधी.

भाऊ : मी तुझा हात बघतोय. ताई, पुरळ चौकोनी कधीपासून उठायला लागली?

ताई : म्हणजे?

भाऊ : कडा बघ ना. फूटपट्टीने आखल्यासारख्या.

भावजय : मी क्रीम गोल लावलं होतं. मधोमध, टिकलीएवढं. वरून चिकटपट्टी... ताई, हात हलवू नका! मधे काहीच नाहीये.

भाऊ : आतला फोटो काढून घेतल्यासारखी नुसती चौकट.

भावजय : तुमच्या दुसऱ्या हाताला तुलनेसाठी मी नुसती चिकटपट्टी लावली होती, क्रीमशिवाय. ती कुठाय?

ताई : ती कधीच काढून टाकली. तिच्यात काही नव्हतंच, उगाच काय मिरवायची?

भावजय : खाजत होती का?

ताई : ...खाजत होती.

भावजय : अहो ताई! मग सांगायचं नाही का?

ताई : तू क्रीमचं विचारलं होतंस. नुसत्या चिकटपट्टीबद्दल कोण बोलतं? ती काय तोंडाला लावायची असते?

भाऊ : काहींच्या लावावीशी वाटते.

भावजय : मला बसू दे आधी.

ताई : बस गं, बस. आणि तो फोन ठेव खाली. तू काय दात काढतोस, पाणी दे तिला!

(भाऊ पाणी आणायला आत जातो.)

भावजय : चुकलंच माझं. पट्टी जरा सौम्य डिंकाची घ्यायला हवी होती.

ताई : असू दे. उतरेल चार दिवसांत. ...अगं!

भावजय : काय ताई?

ताई : हे मधलं, टिकलीएवढं. हात लावून बघ बरं. मऊ लागतंय.