कोरा फळा

नंदा : नाही मावशी, तुम्ही अक्षरं शिकलात ते तुमच्या सुदेशला मुलगी झाली त्या साली. दोन हजार आठ. नामकरणाचे पेढे तुम्ही माझ्या साक्षरता वर्गात वाटले होते.

विमलाबाई : म्हणजे सतरा वर्षं झाली, बाई.

नंदा : सतरा. त्याच साली विहाराच्या फाटकाशी फळा लागला. कोण वारलं, किती वाजता नेणार, सगळं त्यावर. कमिटीने विचारलं, लिहिणार कोण? मी म्हटलं, विमलामावशी. किती हसले होते सगळे. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवलेली बाई फळा लिहिणार म्हणून.

विमलाबाई : तुम्ही शिकवलंत म्हणून जमलं.

नंदा : शिकवलं मी, म्हणून विचारायलाही मीच आले. सात महिने फळा कोरा आहे.

विमलाबाई : आता मोबाइलवर टाकतात ना सगळं.

नंदा : टाकतात. म्हाताऱ्यांना कुठे कळतं? जाईबाई परवा मला विचारत होती, "हल्ली कुणी मरत नाही का गं?"

विमलाबाई : हसवू नका.

नंदा : हसा की. सात महिन्यांत आज दात दिसले. केस शेवटचे कधी विंचरलेत?

विमलाबाई : कुणाला दाखवायचेत?

नंदा : आणि जेवण?

विमलाबाई : चहा-खारी खाल्ली.

नंदा : ती सकाळी. आता दीड वाजलाय. गोळ्यांचं पाकीटही तसंच आहे. डॉक्टर माझ्यासमोर बोलले ना तुमच्याशी? हा आळस नाही, वेड नाही, दुखणं आहे. अंगाला ताप येतो तसं मनाला येतं. गोळ्या घ्या, उन्हात बसा, माणसांत जा. गुरुवारी परत बोलावलंय.

विमलाबाई : ते बरोबरच बोलले. पण मला उठवत नाही, बाई. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. न्हाणीपर्यंत जायचं तरी वाटतं गावाला जायचंय.

नंदा : हे सुदेशला सांगितलं?

विमलाबाई : रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. आई, जेवलीस? मी म्हणते, जेवले. भाजी कोणती केली तेपण सांगते. काल मेथी सांगितली.

नंदा : आणि घरात मेथीचं पान नाही.

विमलाबाई : मस्कतला बसून त्याला काय वास येतोय?

नंदा : तो काकांचा फोटो फ्रेम करून गेला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. मावशी, काका गेले. हृदय बंद पडलं, त्यात तुमचा...

विमलाबाई : ते बोलू नका.

नंदा : आज बोलणार. साऱ्या वस्तीची नावं तुम्ही लिहिलीत. आपल्या माणसाचं लिहिलं नाहीत, दुसऱ्यालाही लिहू दिलं नाहीत. त्या दिवशी सेक्रेटरी आनंदच्या हातातून खडू ओढून घेतलात. का?

विमलाबाई : एकशे बारा नावं लिहिली मी. त्यातलं एक माणूस परत आलं नाही.

नंदा : मेलेलं माणूस परत कसं येईल?

विमलाबाई : तुम्ही लहानपणी शिकलात, बाई. तुम्हाला अक्षराचं काही वाटत नाही. मला वाटतं. मी लिहिलं की ते पक्कं होतं. फडक्याने पुसलं तरी जात नाही. ह्यांचं नाव लिहिलं असतं तर मीच ह्यांना पोचवून आले असं झालं असतं.

नंदा : आपल्या बौद्धांच्या घरात असं बोलतात का?

विमलाबाई : नाही बोलत. म्हणून तर दार लावून बसते.

(दारावर जोराची थाप.)

धोंडिबा : तान्या! ए तान्या! उघड, नाहीतर दार काढून घेऊन जातो!

नंदा : हे कोण?

विमलाबाई : धोंडिबा भावजी. ह्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं कंपनीत होते. आता कोपरीला लेकीकडे असतात.

नंदा : थांबा, उघडते.

विमलाबाई : उघडू नका. त्यांना माहीत नाही.

नंदा : काय माहीत नाही? काका गेल्याचं?

विमलाबाई : सुदेशने नातेवाइकांना फोन केले. कंपनीतली माणसं फळ्यावर वाचून एकमेकांना कळवायची.

नंदा : म्हणजे सात महिने...

विमलाबाई : तुम्ही काही बोलायचं नाही, बाई. उघडा आता, नाहीतर खरंच दार काढतील.

धोंडिबा : जय भीम, वहिनी!

विमलाबाई : जय भीम, भावजी. या. ह्या नंदाबाई, बालवाडीच्या.

धोंडिबा : जय भीम, बाई. शहाडवरून रिक्षात चौथा बसलो, अर्धं ढुंगण बाहेर. आल्याआल्या खाली फळा बघितला. कोरा! म्हटलं, वा, तुमच्या मोहन्यात सगळे ठणठणीत. मरायला टेकलाय तो एकटा धोंडिबा. मालक कुठंय?

विमलाबाई : बाहेर गेलेत.

धोंडिबा : बाहेर कुठे?

विमलाबाई : विहारात.

धोंडिबा : तिथूनच आलो. कुलूप आहे.

विमलाबाई : मग केस कापायला गेले असतील.

धोंडिबा : त्या टकल्याचे केस? न्हावी काय भिंग घेऊन शोधणार?

नंदा : मावशी...

विमलाबाई : चहा ठेवते मी.

धोंडिबा : चहाबिहा नको. चपला तर दारातच आहेत त्याच्या. अनवाणी गेला? आत लपलाय. अरे तान्या, फोन बंद करून ठेवतोस काय? अंतराचं लग्न झालं, माझ्या पहिल्या नातीचं. अकरा मे. पत्रिकेवर माझ्या हाताने लिहिलेलं, तान्या, पहिल्या रांगेत. मिळाली ना वहिनी पत्रिका?

विमलाबाई : मिळाली.

धोंडिबा : बघा! मिळाली आणि आला नाही. मी खुर्ची धरून ठेवलेली. नवऱ्यामुलाच्या मामाला बसू दिलं नाही, त्यावरून वाजलं आमचं. जेवणं उठली तरी खुर्ची रिकामी. तेव्हाच ठरवलं, ह्याचं तोंड बघायचं नाही.

नंदा : मग आज कसे आलात, काका?

धोंडिबा : गुडघे चाललेत, बाई. पुढल्या वर्षी हा जिना होणार नाही माझ्याच्याने. आणि खरं सांगू का? चूक माझी आहे. जानेवारीत आलेलो तेव्हा हा रडत होता. घर खायला उठतं म्हणाला, सुदेशची आठवण येते म्हणाला. मी काय बोललो? पोरगं तूच विकलंस मस्कतला, आता बायकांसारखा रडतोस कशाला. हे काय बोलणं झालं? माझी लेक माझ्या उशाशी आहे. मला काय कळणार? लग्नात चारचौघांत ह्याच्यासमोर कान धरणार होतो. ह्याने चान्सच दिला नाही.

विमलाबाई : भावजी, बसा.

धोंडिबा : बसतो नंतर. तान्या, ऐकतोस ना? हा बघ, कान धरला. आता तरी बाहेर ये. वहिनी, तुम्ही सांगा, रागावलाय का अजून?

विमलाबाई : दोन दिवस रागावले होते. मग म्हणाले, धोंडिबा खोटं नाही बोलला.

धोंडिबा : असं म्हणाला?

विमलाबाई : मग बोलणंच कमी झालं. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताट अर्धं टाकायचे. मला वाटलं, वय झालं, असंच असतं. ओरडलेसुद्धा मी एकदा, लोळत काय पडता म्हणून. बाईंनी मला नेलं डॉक्टरकडे, तसं मी ह्यांना न्यायला हवं होतं.

धोंडिबा : मग न्या की. हवं होतं कशाला? मी येतो बरोबर. नाही म्हणाला तर खांद्यावर टाकून नेतो.

नंदा : मावशी, मी सांगू का?

विमलाबाई : नको. तुम्ही नको.

धोंडिबा : काय सांगायचंय? अशा का बघताय दोघी? वहिनी, फळ्यावर तर काही नव्हतं.

विमलाबाई : फळा मी लिहिते, भावजी.

धोंडिबा : माहीत आहे. डब्याच्या सुट्टीत आम्हाला पकवायचा तो. कंपनी बंद पडल्यावरसुद्धा, भेटेल तिथे. माझ्या बायकोचं अक्षर बघून या म्हणायचा.

विमलाबाई : ह्या खेपेला मी लिहिलं नाही.

धोंडिबा : काय लिहिलं नाही?

नंदा : काका, इथे बसा. माझा हात धरा.

धोंडिबा : हात सोडा, बाई. मी बरा आहे. वहिनी, तोंडाने सांगा मला. लग्नाला का नाही आला तो?

विमलाबाई : ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची होतीत, भावजी. माझे मालक, तानाजी सखाराम खरात, दोन मार्चला, रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता वारले.