कडक बाण

सरपंचांनी मला मैदान कसं दिलं, ते सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

मी इंजिनिअर, पण मला गावातल्या पोरींना तिरंदाजी शिकवायची होती. बांबूचं धनुष्य जालन्याच्या मस्तगडातल्या युसूफचाचांनी बनवलेलं, बाण मात्र मी स्वतः केलेले. चाचा म्हणाले होते, "आधी बाण धनुष्याशी जुळवून घेऊ." मला कुठला दम? मी सरपंचांना नेम दाखवायला थेट मैदानावरच बोलावलं; चाचाही आले.

पहिला बाण डावीकडे गेला आणि सरपंचांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर, त्यांच्याच गालात रुतला. दुसरा कपाळात.

"इंजिनेर, मैदान न्हाई भेटणार," सरपंच म्हणाले.

चाचा मध्ये पडले. "सरपंच, पोराची गलती न्हाई. बाण लई कडक हाय. धनुष्यापाशी वाकत न्हाई, म्हणून डावीकडं पळून राह्यला. काचेनं घासून जरा नरम केला की सरळ जाईल."

"आन् जास्त घासला तर?"

"मंग उजवीकडं."

सरपंचांनी उजवीकडे पाहिलं. तिकडे विरोधी पॅनलच्या पुढाऱ्याचा बॅनर होता, हात जोडलेला.

"मैदान घ्या," ते मला म्हणाले. "आन् चाचा, जरा जास्तच घासा."