डॅशबोर्डवरची वेल

मंडळी, बसा. मागं भिंतीला टेकलेले, तुम्हीही सरसावून बसा — झोपायला घर आहे! मला एक सांगा, अभिमान चांगला की वाईट? आम्ही कीर्तनकार शंभरदा बजावतो — अभिमान सोडा! आणि बाहेर पडताना हळूच विचारतो, "आज माझं कीर्तन कसं झालं हो?" मग खरं काय? धरायचाच झाला, तर अभिमान धरावा कशाचा?

ऐका तर.

मिरजेत सुमतीबाई लिमये नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांनी घेतलेली चौपन्न सालची विलायती मोटार स्वतः चालवायच्या. गाडी दिसली की रस्त्यातल्या म्हशी एका रांगेत उभ्या! शिस्तच तशी!

कोल्हापूरला दरसाल जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरायचं. त्यात बाईंचा सात वर्षं दुसरा नंबर. उणं एकच — डॅशबोर्ड! स्टिअरिंगपुढची ती अक्रोडाच्या लाकडाची फळी, काटे-घड्याळं बसवलेली. उन्हानं तडकलेली, पॉलिश पापडासारखं सुटलेलं. भेग केवढी? अहो, मुंग्यांनी आत वारूळ केलं, आणि नागपंचमीला गल्लीतल्या बायका दुधाची वाटी घेऊन गाडीपाशी हजर! हसता काय? आमच्या पेटीवाल्या काकांना विचारा. ते बोलणार नाहीत म्हणा — कवळी घरी विसरलीय.

गॅरेजवाला म्हणाला, "बाई, ही फळी टाकून द्या. फायबरची बसवतो, संध्याकाळी गाडी न्या."

"आणि लोकांना काय सांगू? गाडी चौपन्नची, तोंड कालचं?"

बाई निघाल्या त्या थेट तंबोरे करणाऱ्या बाबालाल शिकलगारांकडे. बाबालाल त्यांचेच विद्यार्थी. आता स्वतःच साठीला आलेले, पण बाई दिसल्या की अजून हाताची घडी व्हायची! त्यांनी फळीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला.

"बाई, लाकूड जिवंत आहे."

"कशावरून?"

"मेलेलं लाकूड नुसतं ठकठकतं. हे अजून घुमतंय."

चाळीस दिवस, मंडळी! भेगेत अक्रोडाच्याच बारीक चिपा, त्यात सरस, वर लाखेच्या पॉलिशचा रोज एक हात. फळी अशी गुळगुळीत झाली, की एक माशी बसायला आली ती घसरून थेट सरसाच्या भांड्यात!

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी फळी गाडीत चढली. बाईंनी पाहिलं — आणि हे काय! फळीच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या तुकड्यांची जडवलेली नाजूक वेल!

"हे कुणी सांगितलं होतं, बाबालाल?"

बाबालालांनी जीभ चावली. "कुणी नाही, बाई. तंबोऱ्याला वेल घातल्याशिवाय आमच्यात काम संपतच नाही. हात सवयीनं गेला. ही मोटार आहे, हे ध्यानातच राहिलं नाही!"

तशीच दोघं कोल्हापूरला गेली. परीक्षक आले — सफारीवाले, हातात भिंग. फळीवर नाक टेकवलं. "वा! भेग शोधून सापडत नाही. पहिला नंबर तुमचाच! पण... ही वेल मूळची नाही. नियम आहे, बाई. अर्ध्या तासात खरवडून काढा, ढाल तुमची. नाही तर गाडी बाद!"

सात वर्षं, मंडळी! आणि ढाल हातभर अंतरावर! तुम्ही काय केलं असतंत? — खरं बोला, देवळात बसलायत.

बाबालालांनी खिशातून पटाशी काढली. "चूक माझी, बाई. दोन मिनिटांचं काम." पण पटाशी वेलीला लागेना. चाळीस दिवसांत जो एकदा अडला नाही, तो हात अडला!

बाई गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या. "पटाशी खिशात ठेव."

"पण बाई, ढाल—"

"ठेव म्हटलं ना!" मग परीक्षकांकडे वळल्या. "साहेब, गाडी माझ्या वडिलांनी पैसे टाकून आणली. त्यात आमचं कर्तृत्व काय? ही वेल मात्र आमच्या मिरजेत, आमच्या माणसाच्या हातची. लिहा — बाद! पण कारण पूर्ण लिहा, नावासकट. अर्धवट उत्तराला मी कधी मार्क दिले नाहीत."

परीक्षकांनी लिहिलं. लाउडस्पीकर गरजला — "गाडी क्रमांक अकरा बाद! कारण, मिरजेचे कारागीर बाबालाल शिकलगार यांनी डॅशबोर्डवर हातानं वेल घातली आहे!"

झालं! "कुठाय वेल? कुठाय?" — सगळं मैदान अकरा नंबरकडे! पहिल्या नंबराची गाडी ढाल घेऊन एकटी उभी, तिचा ड्रायव्हरसुद्धा इकडे रांगेत! बाई दार धरून सांगतायत, "बघा, पण हात लावू नका. आणि हे बाबालाल!" बाबालालांची मान खाली. पण छाती? शर्टाची दोन बटणं उडाली, मंडळी! मीच उचलून दिली.

कळलं, अभिमान कशाचा धरायचा? तुमच्याही घरात कुणीतरी आहे. न सांगता काहीतरी जास्तीचं करून ठेवतं — आणि तुम्ही म्हणता, "कुणी सांगितलं होतं?" देवाचं नाव तुम्ही रोज घेता, एक दिवस थांबलात तर तो रागावणार नाही. आज उठण्याआधी त्या माणसाचं नाव घ्या. मनात नको — शेजाऱ्याला ऐकू जाईल असं! काका, सूर द्या. हं... घ्या!