फॉर्म भरल्यावर पन्हं

(शुक्रवार, दुपार. देवयानी इंग्लंडमधल्या तिच्या गावी मतमोजणीच्या हॉलबाहेर उभी राहून कॉव्हेंट्रीतल्या मैत्रिणीशी, वरदाशी, फोनवर बोलते आहे.)

देवयानी : शेजारच्या डॉक्टर अरुणाकाकूंनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं गं, ‘मतदार यादीचं पत्र आहे ते, फेकू नकोस.’ मी हसले. म्हटलं, काकू, आम्ही व्हिसावर, आम्हाला कसलं मत! पत्र गेलं रिसायकलिंगमध्ये.

वरदा : बरोबरच की. आपल्याला कुठे मत असतं?

देवयानी : असतं! कॉमनवेल्थ देश ना आपला. तुलाही आहे.

वरदा : काहीतरीच! चार वर्षं राहतेय मी इथे.

देवयानी : मलाही मार्चमध्ये कळलं, माझ्या कॉलेजवर बेतलं तेव्हा. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, वाढवून पैसे कॉलेजला द्यायचे की नाही, यावर मतदान. ‘नाही’ निघालं असतं तर पाळणाघर पहिलं बंद. मग कस्तुरीला ठेवू कुठे? माझा लॅबचा कोर्स संपलाच असता.

वरदा : समर काय म्हणाला? नवरोबांना पटलं?

देवयानी : ‘पाहुण्यांनी घरच्यांच्या भांडणात पडू नये.’ म्हटलं, टॅक्स भरताना बरा पाहुणा नसतोस!

वरदा : मग?

देवयानी : चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. चौतीस जणी आल्या. सगळ्यांचं तुझ्यासारखंच, ‘आम्ही तर बाई व्हिसावर.’ काकू पन्ह्याचा जग धरून बसल्या. फोनवर नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय पन्हं नाही!

वरदा : डॉक्टरकाकू? रिटायर झाल्यावर दादागिरी!

देवयानी : काल तर एकेकीला फोन करून मत द्यायला पासपोर्टसकट घराबाहेर काढलं त्यांनी. आणि आज मी इथे सकाळपासून नखं खातेय.

वरदा : अगं, निकाल सांग ना!

देवयानी : जिंकलो! एकतीस मतांनी!

वरदा : एकतीस? आणि हळदीकुंकवाला...

देवयानी : चौतीस. काकू म्हणतात, ‘तीन ग्लास पन्हं उगाच जास्त केलं.’

वरदा : देवयानी, रडतेयस?

देवयानी : छे. म्हणजे, हो थोडी. कस्तुरी तान्ही होती तेव्हा दिवसभर खिडकीत बसायचे गं मी. काकू त्या पत्राचं सांगायला आल्या, त्या आठवड्यात घराबाहेरच्या माणसाशी तेवढंच बोलले होते... तुझ्या वरच्या मजल्यावर ती नागपूरची आलीय ना, बाळंतीण?

वरदा : सुलक्षणा. दिसतच नाही फारशी.

देवयानी : आज जाशील तिच्याकडे? यादीत नाव घातलंय का विचार. आणि तेवढंच विचारून लगेच परत फिरू नकोस.