गाड्याच्या जागी झाड

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? म्या नुसतं सुचवलं हो! तुम्हाला सांगतो, आयुष्यात काय बी करा, मेव्हण्याला घर भाड्यानं द्या, बायकोला वय विचारा, पण सरकारला सूचना देऊ नका... कारण एखांद्या टायमाला ते ऐकतं!

मी सांडू. औरंगपुऱ्यात भज्यांचा गाडा, बारा वर्षं झाली, एकच कोपरा. शेजारी निजामुद्दीनभाईचा चपलांचा गाडा. उन्हाळ्यात वरून सूर्य, खालून कढई, मधी मी... भजं कोणतं अन् सांडू कोणता, गिऱ्हाइकाला कळायचं नाय! तर एक दिवस भजे बांधायला रद्दी घेतली, अन् तेलाच्या डागातून अक्षरं वर आली : ‘गाडेधारकांसाठी नवीन धोरण. नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात.’ शेवटची तारीख? त्याच दिवसाची! म्हणलं, सरकार एवढं बोलवतंय तर न जाणं बरं दिसत नाय.

हापिसात एक मेघा म्याडम बसलेल्या. “सूचना द्यायची हाय,” म्हणलो, तर बाई उभीच राहिली! “खरंच? अहो, तीन धोरणं झाली या टेबलावरून, एक माणूस आला नाही!” डोळ्यात पाणी बाईच्या, खोटं नाय सांगत. चहा मागवला, कागद दिला, स्वतःचा पेन दिला. आता मला म्हणायचं काय होतं? ‘गाड्यापाशी एक झाड लावा.’ संपलं! पण सरकारला लिहायचं म्हणजे जरा भारदस्त नको? ‘पाशी’ कसं गावठी वाटतं... म्हणून लिहिलं : ‘माझ्या गाड्याच्या जागी एक झाड लावण्यात यावे, ही नम्र विनंती.’ मलाच लई आवडलं! दोनदा वाचलं.

मग सुनावणी. शंभर खुर्च्या, स्टेजवर पाच साहेब, अन् खाली मी एकटा... कुठं बसावं तेच कळंना! मोठे साहेब माइकवर म्हणाले, “आता जनतेनं आपलं म्हणणं मांडावं.” मी मागं वळून बघितलं, म्हणलं आली की काय जनता! “अहो, तुम्हीच!” साहेब म्हणाले. जनता! मी! छाती अशी फुगली की शर्टाचं बटन गेलं. बोललो, टाळ्या झाल्या, पाचच जणांच्या, पण झाल्या. अन् कागदावर आलं : ‘जनतेने एकमताने मागणी केली.’ एकमतानं! घरी आज भाजी कोणती करायची यावर आमच्या दोघांत एकमत नाय हो!

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात ना? आठव्या दिवशी ट्रॅक्टर गाड्यापुढं! माती, लोखंडी पिंजरा, कडुलिंबाचं रोप, अन् नकाशा घेऊन राजेंद्र इंजिनियर. मी नाचायचाच राहिलो होतो, तर ते म्हणाले, “गाडा काढा.”

“खड्डा खांदेपर्यंत ना साहेब?”

“कायमचा! ‘गाड्याच्या जागी झाड.’ अक्षर तुमचंच आहे ना?”

बारा वर्षांचा कोपरा, घर त्याच्यावर चालतं माझं! अन् म्या नुसतं सुचवलं हो! पळालो मेघा म्याडमकडं. त्या म्हणाल्या, “सांडूभाऊ, आता बदलायचं म्हणजे जनतेच्या विरोधात जायचं.”

“अहो म्याडम, जनता मीच ना!”

“तेव्हा तुम्ही जनता होता. आता तुम्ही एकटे आहात.”

घ्या!

तोंड पाडून परत आलो, तर कोपऱ्यावर खड्डा, अन् निजामुद्दीनभाई आपला गाडा सरकवून ऱ्हायला, सगळ्या चपला अर्ध्या गाड्यात कोंबून ऱ्हायला. “कायकू लिखे जी सांडूभाई? अब इधर आ जाव. आधी जगा तुमारी, आधी मेरी.” भरून आलं, खरं सांगतो. अन् तवापासून धंदा असला जोरात! लोक भजे खाता खाता चपला बघतात, अन् तेलकट बोट चपलेला लागलं की निजामुद्दीनभाई म्हणतो, “लग गया ना? तो अब तुमारीच है!” माझी बायको रत्नमाला आता गिऱ्हाइकाला भजे देताना आधी पायाकडं बघती अन् चपलेचा नंबर सांगती. ती म्हणती, “बरं झालं तुम्हाला धड लिहिता येत नाय ते.”

झाडाला पाणी कोण घालतं? मीच! धोरणात लिहिलंय, ‘संगोपन जनतेने करावे.’ पण लळा लागला हो त्याचा. परवा नवी पानं फुटली तर सगळ्या गल्लीला फुकट भजे वाटले. आता दुपारी सावली बी पडती त्याची, ताटाएवढी. पिंजऱ्याला टेकून बसलो की डोकं तेवढं सावलीत जातं. लोक हसतात. “सांडू, एवढ्याशा सावलीत जनता मावायची कशी?”

मावती की हो... मी एकटाच तर हाय!